खुलासा : चायकोव्हस्की आणि नादेझ्दा फॉन मेक यांच्या ‘न झालेल्या’ भेटीविषयी
संगीतकार चायकोव्हस्की आणि त्यांना आश्रय देणाऱ्या नादेझ्दा फॉन मेक यांनी एकमेकांना कधीच पाहिले नाही, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. रेल्वे उद्योजकाच्या या धनाढ्य विधवेने त्यांना वर्षाला ६,००० रूबल दिले, १८९० पर्यंत उभयतांत हजाराहून अधिक पत्रे लिहिली गेली आणि प्रत्यक्ष भेटायचे नाही हा दोघांचा कटाक्ष होता, हे खरे. मात्र ऑगस्ट १८७९ मध्ये चायकोव्हस्की युक्रेनमधील फॉन मेक यांच्याच ब्राइलोव्ह इस्टेटीजवळ मुक्कामी असताना, फिरायला निघालेल्या दोघांच्या घोडागाड्या रानातल्या वाटेवर अचानक समोरासमोर आल्या. चायकोव्हस्कींनी टोपी उंचावली, बाई गोंधळल्या, आणि एक शब्दही न बोलता गाड्या पुढे गेल्या. वेळेचा अंदाज चुकल्याची माफी चायकोव्हस्कींनी मागितली, तीही अर्थात पत्रानेच.