केग धुवायचं पाणी

गेला आठवडाभर माझं आणि माझ्या भाच्याचं भांडण चालू आहे. घरी केलेली बिअर स्टीलच्या केगमध्ये, म्हणजे बिअरच्या पिंपात, भरावी की एकदाच वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या, यावरून. भाचा वेंगुर्ल्याजवळ उभादांड्याला असतो. काही वर्षं गोव्यात एका लहान ब्रुअरीत काम करून तो परत आला आणि आता घरीच बिअर करायचं त्याच्या डोक्यात आहे. मला विचारायला त्याने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला: फुगीर पोटाचा, पारदर्शक, २० लिटरचा पेटचा, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकचा, केग. खाली लिहिलं होतं, "धुवूची कटकट नाय. वापर नि टाक."

टाक म्हणजे कुठे, एवढंच मी इथे जर्मनीतून विचारलं.

त्यावर उत्तर आलं, "मामा, मे म्हयन्यात बावीत पाणी नसता. तुझो तो इस्टीलचो केग धुवूक पाणी काय तू थंयसून पाठवतलंस?" त्याखाली तीन चुलतभावांचे अंगठे. मला ते अंगठे जास्त लागले.

कायद्याचं आधी सांगतो. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय घरात बिअर करणं हा गुन्हा आहे. इथे जर्मनीत घरच्यापुरती वर्षाला ५०० लिटरपर्यंत केली तर करसुद्धा लागत नाही, २०२४च्या आधी ती मर्यादा २०० लिटर होती. भाच्याला मी बजावलंय की परवान्याचं बघितल्याशिवाय चूल पेटवायची नाही. तेरेखोल नदीच्या पलीकडे, गोव्यात, काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळतं आणि नदीच्या अलीकडे आमच्या बागेत बोंडू झाडाखाली कुजतात, याचा मलाही राग आहे. पण तो राग वेगळा, केगचा वेगळा.

केगचा राग दाबाचा आहे. यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं. तो वायू कोंडला की बिअरला फेस येतो. माझ्या केलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या, फ्रिजमध्ये ५ अंशांवर भरलेला केग पाऊण-एक बार दाब धरून असतो. तीच बिअर, तेवढाच वायू, ३० अंशांवर ठेवला की दाब तीन बारच्या आसपास जातो. उभादांड्याला मे महिन्यात लाईट गेली की दुपारी माजघरात ३० अंशांवर भागत नाही, हे काय मी भाच्याला सांगायचं? त्यात आंबणं पुरतं व्हायच्या आधीच केग भरला असेल तर दाब चढतच राहतो. स्टीलच्या कॉर्नेलियस केगला झाकणावर कडी असते, बोटाने ओढली की जादा वायू निघून जातो. मूळचा तो सॉफ्ट ड्रिंकवाल्यांचा केग, १९ लिटरचा. रबराच्या रिंगा बदलत राहिलं तर माणसाच्या आयुष्यात तो संपत नाही.

प्लास्टिकचा केग कारखान्यात एकदा भरण्यासाठी केलेला असतो. घरी कोणी तो एकदाच वापरत नाही, ही खरी अडचण आहे. विकत घेतलेली वस्तू आमच्याकडे कोण टाकतो? आईने आईस्क्रीमचे डबे वीस-वीस वर्षं वापरले. भाचाही दुसऱ्यांदा भरणार, तिसऱ्यांदा भरणार. आणि पेट गरम पाण्याने मऊ पडतं, कॉस्टिक सोड्याने आतून चिरतं, चीर मात्र डोळ्यांना दिसत नाही. २०१२ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या एका ब्रुअरीत प्लास्टिकचा केग साफ करताना हवेच्या दाबाने फुटला आणि एक तरुण कामगार त्यात गेला. तो तर ब्रुअरीत काम करणारा माणूस होता.

माझं सांगणं ऐकीव नाही. बिअर करायला लागलो त्या पहिल्या उन्हाळ्यात इथल्या एका ब्रुअरीकडून मला तीन रिकामे प्लास्टिकचे केग फुकट मिळाले. स्टीलचे धुतात तसेच मी ते गरम कॉस्टिकने धुतले आणि भरले. ऑगस्टमध्ये एका रात्री त्यातल्या एकाच्या बुडाला केसाएवढी चीर गेली आणि २० लिटर व्हाइत्सन, गव्हाची बिअर, केलरभर पसरलं, शेजारच्या आजींच्या सायकलीखाली, त्यांच्या सफरचंदांच्या पेट्यांत. हाउसफरवाल्टुंगचं, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या कचेरीचं, पत्र आलं. आजी काहीच बोलल्या नाहीत, त्याची मला जास्त लाज वाटली. चीर गेली म्हणून वाचलो, तो फुटला असता तर?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. आणि तिथे थांबायला हवं होतं. पुढे मी फांडचं, म्हणजे बाटलीवरच्या अनामतीचं, लिहिलं: इथे एकदाच वापरायची रिकामी बाटली मशीनमध्ये घातली की २५ सेंट परत मिळतात, २००३पासून, म्हणून इथल्या पेग्निट्स नदीच्या काठाला बाटली पडून राहत नाही, कोणीतरी उचलतोच. आणि तुमच्याकडे, असं मी लिहिलं, तुमच्याकडे समुद्र उचलतो. लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

दोन तासांनी भाच्याचं उत्तर आलं. त्याने शोधून काढलं होतं की फांड तीन लिटरपर्यंतच्या बाटल्या-डब्यांनाच आहे. २० लिटरच्या केगवर एक सेंट मिळत नाही. खरं आहे ते. माझे ते तीन केग मी स्वतः वेर्टश्टॉफहोफला, पालिकेच्या भंगार गोळा करायच्या जागी, नेऊन टाकले होते आणि पुढे त्यांचं काय झालं ते कधी विचारलं नाही. मग त्याने दुसरं विचारलं: वेंगुर्ल्याच्या नगरपालिकेने कचऱ्याच्या डेपोचं पर्यटनस्थळ केलंय, प्लास्टिक बारीक करून रस्त्यात घालतात, तू बघितलंस काय?

बघितलंय. मागच्या खेपेला मी तिथे गेलो होतो, फोटो काढले होते आणि इथे ऑफिसात अभिमानाने दाखवले होते. भांडताना मला त्यांची आठवण झाली नाही, कारण ते माझ्या बाजूचं नव्हतं.

तरी मी माझं म्हणणं सोडत नाही. उभादांडा ग्रामपंचायतीत येतं, नगरपालिकेची हद्द त्याच्या अलीकडे संपते. काही केगांच्या पोटात पुन्हा वेगळ्या थरांची पिशवी असते, वर झडप, आत स्प्रिंग. ते सुटं करत कोण बसणार? टाकण्याआधी उरलेला दाब काढावा लागतो, तो भंगारवाल्याच्या पोराने काढायचा का? जुलै २०२२ला देशभर ज्या १९ प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली त्यांत केग नाही, असं भाचा म्हणतो. नसेल. पावसाळा सरल्यावर रापण ओढताना जाळ्यात काय काय येतं ते त्याने माझ्याहून जास्त वेळा पाहिलंय. बव्हेरियातून मुंबईला बिअर पाठवायची असेल तर रिकामं स्टील परत आणणं परवडत नाही, तिथे एकेरी केग मी समजू शकतो. पण परसातून पडवीत न्यायच्या बिअरला?

आणि आमच्या दांड्यावर आंबवलेलं पेय काय आज आलं? माडाच्या पोयीला मडकं बांधायचं, सकाळी उतरवायचं, दिवस मावळायच्या आत संपवायचं, नाहीतर ते आंबट होऊन जायचं. तोंड उघडं, त्यामुळे दाब नाही, फुटणं नाही. तेच मडकं विसळून पुन्हा वर जायचं. आमच्या शेजारचे भंडारी आबा कमरेला कोयती लावून माडावर चढायचे आणि खाली उभ्या असलेल्या आम्हा पोरांना वरून हाका मारायचे. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा कोणीच काही बोललं नाही. त्या माडांवर आता मडकी बांधायला कोणी चढत नाही. चढणाऱ्यांची पोरं मुंबईला गेली, मी तर त्याहून लांब.

पाण्याचा प्रश्न मात्र राहिला. त्यालाही माझ्याकडे उत्तर आहे. २० लिटर बिअरला ३० लिटर पाणी मुळातच लागतं आणि उकळता रस थंड करायला त्याहून जास्त. एवढं पाणी मिळत असेल तर केग धुवायला पाच-सहा लिटर का मिळू नये? रस थंड करून निघालेलं पाणी कढत असतं, त्यातच परकार्बोनेट, म्हणजे धुवायची पावडर, घालून धुता येतं. हे मी स्वयंपाकघरात उभा राहून टाईप करत होतो, नळ चालू होता आणि त्याखाली केग भरून वाहत होता. तेव्हा बोट थांबलं. १९ वर्षांत मी बावीवरून एक कळशी आणलेली नाही. ताई आणते, मे महिन्यात दोनदा, सांधे धरलेले असताना. तिच्या पाण्याचा हिशेब मी न्यूरेंबर्गमधून मांडत होतो.

जमिनीचं ठरतं, वाटणीचं ठरतं, घराच्या कौलांचं ठरतं, तेव्हा मला फक्त कळवतात. मीच तसं म्हटलं होतं, तुम्ही ठरवाल ते मान्य. केगचं मला विचारलं होतं. मला विचारून केलेली ही कितीतरी वर्षांतली पहिली गोष्ट असेल, म्हणून मी एवढा भांडलो.

डिसेंबरमध्ये जातोय. दोन रिकामे कॉर्नेलियस घेतलेत, प्रत्येकी चारेक किलोचे, बॅगेत बसतात. सोबत रिंगांचे चार संच. भाच्याने "हाड बघू", आण बघू, एवढंच लिहिलंय, पण लिहिलंय. काल ताईचा फोन आला. केग ठेवतलंस खंय, असं तिने विचारलं. माझ्या खोलीत, म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझ्या खोलीत दिवाळीपासून होमस्टेचे पावणे आसत रे. आगाऊ बुकिंग घेतलंय, फेब्रुवारीपर्यंत."

पडवीत ठेवू, मी म्हटलं. सावली असते तिथे.