कारण : नारळ

हे मी डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतोय, तेव्हा जोडाक्षरं चुकली तर सांभाळून घ्या. उजव्या तळहाताला दोन टाके आहेत. कशाने लागलं ते मी शक्यतो सांगत नाही. 'नारळाने' म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग 'अरेरे' म्हणतात.

सोसायटीच्या नव्या लिफ्टचं उद्घाटन होतं. नारळ मी वाढवायचा असं ठरलं, कारण कमिटीतले बाकी सगळे सिल्कचे झब्बे घालून आले होते. दोनदा पायरीवर आपटला, ढिम्म हलला नाही. तिसऱ्यांदा जीव खाऊन आपटला आणि करवंटीची धार थेट अंगठ्याच्या बुडाशी शिरली. 'फोडला बाबा एकदाचा!' कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच दुरुस्ती केली, 'फोडला म्हणू नये, वाढवला म्हणावं.' हाताच्या बाबतीत कुठलं क्रियापद चालतं ते मात्र कुणी सांगितलं नाही.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत काका पुढे आले.

काका ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यातून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. मी हाफ चड्डीत होतो तेव्हापासून मला ओळखतात, त्यामुळे माझे केस पिकले तरी त्यांच्या लेखी मी 'बाळ्या'च. दर 4 मार्चला, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, ते गेटपाशी फळा लावून स्वतःच्या अक्षरात सूचना लिहितात. त्या फळ्याला टेकून लोक स्कूटर लावतात. इतकी वर्षं माणूस एका अपघाताची वाट बघत होता आणि तो मी होतो.

"बाळ्या, हात वर. हृदयाच्या वर धर."

धरला. रक्त मनगटावरून कोपराकडे आणि तिथून शर्टाच्या बाहीत गेलं.

"आता दाब जखम. दहा मिनिटं. मधे उघडून बघायचं नाही."

"कशाने दाबू?"

"स्वच्छ कापडाने. रुमाल आहे?"

"आहे, पण त्याने आत्ताच लिफ्टचं दार पुसलंय."

"मग नको. पेटी आणा!"

आमच्या सोसायटीला प्रथमोपचार पेटी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. वॉचमनच्या केबिनमध्ये, पंप चालू-बंद करायच्या बोर्डाखाली, पांढऱ्या पत्र्याची. वर तांबडा क्रॉस आणि त्याच्या दुप्पट अक्षरात देणगीदाराचं नाव. पेटीला कुलूप. किल्ली सेक्रेटरींच्या घरी, पाचव्या मजल्यावर. वॉचमन बिचारा लिफ्टकडे वळला, तर सेक्रेटरी ओरडले, "अरे, रिबीन कुठे कापलीय अजून!" मग तो जिन्याने गेला. समोर नवी कोरी, सहा माणसांची लिफ्ट झेंडूच्या माळा घालून उभी, मी तिच्या दारात रक्त गाळतोय आणि किल्ली आणायला माणूस पाच मजले पायी चढतोय. हे कुणालाच विचित्र वाटलं नाही.

तेवढ्या वेळात काकांनी पेटीची बाहेरून तपासणी केली.

"हा तांबडा क्रॉस कुणी रंगवला?"

"काका, रक्त..."

"दाबून धर. जिनेव्हा कन्व्हेन्शन्स अॅक्ट, 1960. पांढऱ्यावर तांबडा क्रॉस ही रेड क्रॉसची निशाणी आहे, वाटेल त्याने वापरायची नाही. प्रथमोपचाराची खूण म्हणजे हिरव्यावर पांढरा क्रॉस. किती वेळा सांगितलं मीटिंगला!"

"हिरवा रंग मागवू," सेक्रेटरी म्हणाले.

दुःख हे, की काका बरोबर होते. चुकीचा माणूस बडबडत असला की त्याला गप्प तरी करता येतं. बरोबर असलेल्या माणसासमोर आपण नुसतं ठिबकत राहायचं.

किल्ली आली. पेटी उघडली. आत काय होतं ते जसंच्या तसं सांगतो : कॅरमचा स्ट्रायकर, फ्यूजची तार, अर्धी मेणबत्ती, गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक, सोसायटीचा शिक्का, आयोडेक्सच्या बाटलीत टाचण्या, ताण गेलेलं एक क्रेप बँडेज आणि 2019च्या मार्चमध्ये मुदत संपलेल्या बँडेडच्या चार पट्ट्या. एक पट्टी लावून बघितली. डिंक पट्टीपेक्षा कागदाला जास्त चिकटला होता.

काकांनी डोळे मिटले. "आमच्या वेळचा कारखाना अधिनियम, 1948. कलम 45. दीडशे कामगारांमागे निदान एक पेटी. आणि नेमून दिलेल्या वस्तूंखेरीज पेटीत काही म्हणजे काही ठेवायचं नाही. आपण दोनशेच्या वर माणसं आहोत, म्हणजे दोन पेट्या."

"स्ट्रायकर सापडला ते बरं झालं," मागून एक मुलगा म्हणाला.

"कापूस होता की यात," वॉचमन म्हणाला. सगळ्यांनी एकदम आरतीच्या ताटाकडे बघितलं. निरांजनात दोन छान, जाडजूड वाती तेवत होत्या. काकूंनी पदर सावरला. काकांनी तेवढ्यात सांगून टाकलं, की कापूस तसाही थेट जखमेवर ठेवायचा नसतो, धागे चिकटतात, गॉजचं जाळीदार कापड लागतं. म्हणजे नसलेली वस्तू चुकीचीही होती.

"आणि कात्री?"

कात्री मानाने तबकात होती, कुंकू लावलेली, रिबीन कापायला.

शेवटी काकूंनीच घरून धुतलेला पंचा आणून दिला. सोबत हळदीची वाटी होती, त्यामागून कुणीतरी कॉफी पावडरचा डबा पाठवला. दोन्ही काकांनी परतवून लावलं, त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. जखमेत पूड भरली की धुणाऱ्या डॉक्टरची पंचाईत होते, हे त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं. तिथे थांबले असते तर हा लेखच झाला नसता. पण काकांनी केबिनमधलं व्हिजिटर रजिस्टर ओढलं, कोऱ्या पानावर रकाने आखले, पट्टी लावून, आणि मला खुर्चीत बसवून माहिती भरायला घेतली.

"अपघाताची वेळ?"

"मुहूर्ताची. दहा बावीस."

"अपघाताचं कारण?"

"नारळ."

"नारळ हे साधन झालं. कारण म्हणजे निष्काळजीपणा, प्रशिक्षणाचा अभाव, की साधनातला दोष?"

"काका, माझा पंचा पूर्ण लाल झालाय."

"दुसरा वर गुंडाळ, पहिला काढू नको. बरं, अपघात टाळता आला असता का? हो किंवा नाही."

मी सिल्कच्या झब्ब्यांकडे बघितलं आणि 'हो' म्हणालो. त्यांनी 'प्रशिक्षणाचा अभाव' लिहिलं. सही डाव्या हाताने करायला लावली. मी बाहेर रिक्षा शोधत असताना मागे टाळ्या वाजल्या. रिबीन कापली होती.

डॉक्टरांनी जखम धुतली, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "सुरी का?" मी हो म्हणालो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "शर्ट गार पाण्यात भिजव. गरम नको, डाग बसतो." आता बघा, अमेरिकेत 1920 साली अर्ल डिक्सन नावाच्या नोकरदाराची बायको स्वयंपाक करताना सारखी बोटं कापून घ्यायची, म्हणून त्याने चिकटपट्टीवर गॉजच्या घड्या ठेवून घरच्या घरी पट्ट्या तयार केल्या. त्यातून बँडेड जन्माला आलं. जखमी जोडीदाराकडे बघून माणूस शोध लावतो. माझ्याकडे बघून शर्टाची काळजी. (डाग गेला, हे नमूद करतो.)

त्या रात्री ग्रुपवर पेटीत काय असावं यावर सत्तेचाळीस मेसेज आले. एकाने ऑक्सिजन सिलिंडर सुचवला. एकीने रेस्क्यू रेमेडी नावाचे फुलांच्या अर्काचे थेंब. एकाने उगवत्या सूर्याचा फोटो टाकला. काकांची यादी तेवढी कामाची होती : निर्जंतुक गॉज, रोलर बँडेज, मायक्रोपोर टेप, पोव्हिडोन आयोडीनची बाटली, हातमोजे, चिमटा, त्रिकोणी बँडेज, सेफ्टी पिना, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, पॅरासिटामॉल, कात्री, आणि झाकणाच्या आत 108 आणि 112 हे नंबर मोठ्या अक्षरात. शेवटी ठळक अक्षरात : कुलूप नको. सत्तावीस जणांनी अंगठा दाखवला. माझ्याकडे तो बांधलेला असल्यामुळे मी दाखवू शकलो नाही, त्याचा अर्थ 'जबाबदारी मान्य' असा काढून खरेदी माझ्याकडे सोपवण्यात आली.

केमिस्टकडे हातमोजे शंभराच्या डब्यातच होते. एकूण बिल आठशे चाळीस. ट्रेझरर म्हणाले, बिल सोसायटीच्या नावे नाही, पास होणार नाही. नाव बदलून आणलं, तर म्हणाले शंभर हातमोज्यांना जनरल बॉडीची मंजुरी लागेल. लिफ्टच्या उद्घाटनाचे पेढे दोन हजार सहाशेचे होते, त्यांना कुणी मंजुरी विचारली नाही. मी हे ग्रुपवर लिहिलं. कुणीच काही बोललं नाही, मग एकाने पुन्हा सूर्य टाकला.

पेटी आता हिरवी आहे. आत सगळं आहे. कुलूपही आहे, कारण हातमोजे कामवाल्या बायका नेतील अशी कमिटीला भीती आहे. त्यांना भांडी घासताना कमिटीने कधी हातमोजे दिलेत म्हणून त्या नेतील, हा प्रश्न मी विचारला नाही, उगाच मीच पुन्हा खर्चात पडायचो.

काल लिफ्टमध्ये नोटीस लागली, काकांच्या वळणदार अक्षरात : 'प्रथमोपचार पेटीतील नवीन कात्री ज्या सभासदाने नेली असेल त्याने ताबडतोब परत करावी. कलम 45.'

कात्री आमच्या ओट्यावर आहे. दुधाची पिशवी फार सुबक कापली जाते तिने. आठशे चाळीस रुपये मिळाले की लगेच परत करीन.