उन्हाळ्यातल्या माळावर ‘काहीच नव्हतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा राग समजला. ‘एप्रिल-मेमध्ये माळरान पाहा’ हा लेख वाचून तुम्ही मुलांना घेऊन बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या बाजूला गेलात, दहाला पोचलात, दीड तास फिरलात आणि डोक्यावर ओरडत घिरट्या घालणाऱ्या दोन टिटव्या सोडल्या तर काही दिसलं नाही. फुलं-पक्षी ऑगस्टात असतात, मग लोकांना उन्हात कशाला पाठवता, हा तुमचा दुसरा मुद्दा. नेमक्या जागा दिल्या नाहीत म्हणून लेख अर्धवट, हा तिसरा. पहिल्यात चूक माझी, दुसऱ्यात तुमची, आणि तिसऱ्याला माझा नकार आहे.

लेखात वेळ लिहायची राहिली, आणि उन्हाळ्यात तीच सगळ्यात मोठी गोष्ट. एप्रिलअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. पावणेसहाला गाडीतून उतरलेलं असावं आणि साडेआठपर्यंत पक्षी बघून झालेले असावेत. त्यानंतर तापलेल्या जमिनीवरून हवा लहरायला लागते आणि दुर्बिणीत शंभर मीटरवरचा पक्षीसुद्धा पाण्याखाली असल्यासारखा हलतो. लोक मग जास्त ताकदीची दुर्बीण आणतात. तिच्यात पक्ष्याबरोबर लहरही मोठी होते, हाती काही लागत नाही. माळाला ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) भरपूर झाली.

दुसरं चालण्याचं. माळावर आडोसा नसतो. उभा माणूस चिंकारा हरणाला फार लांबून दिसतो, आणि आपली नजर त्याच्यावर पडेपर्यंत तो निघून गेलेला असतो. ऊन पाठीवर ठेवा, कशाच्याही रोखाने सरळ जाऊ नका, तिरकं चाला. शंभरेक पावलं झाली की पाच मिनिटं खाली बसा. धाविक हा माळावरचा पक्षी असा बसल्यावरच सापडतो. रंग मातीचाच, त्यामुळे थांबला की गेला. पण तो चार-सहा पावलं तुरुतुरु पळतो, गपकन थांबतो, ताठ उभा राहतो, वाकून काहीतरी टिपतो आणि पुन्हा पळतो. ही चाल एकदा ओळखीची झाली की दुर्बिणीत डोळ्यावरची पांढरी आणि डोळ्यातून जाणारी काळी पट्टी मानेमागे मिळालेली दिसते. पक्षी शोधू नका, हालचाल शोधा.

आता तुमच्या त्या दोन टिटव्या. चोचीजवळची गाठ लाल होती की पिवळी? लाल गाठीची सगळीकडे भेटते, पिवळ्या गाठीची माळटिटवी खरी इथली. कुठलीही असो, उन्हाळा हा त्यांचा विणीचा काळ आहे. त्या डोक्यावर ओरडत होत्या म्हणजे अंडी किंवा पिल्लं तुमच्या पायांच्या आसपास होती. घरटं म्हणजे खड्यांमधला नुसता खळगा, त्यात बहुधा चार ठिपकेदार अंडी, शेजारच्या दगडांपासून वेगळी न ओळखू येणारी. अशा वेळी शोधत बसायचं नाही, आल्या पावली मागे फिरायचं. कारण पायाखाली येण्याची भीती आहेच, पण मोठा धोका उन्हाचा. दुपारी आईबाप अंडी उबवत नसतात, त्यांच्यावर सावली धरून उभे असतात. आपल्यामुळे ते लांब राहिले की चाळीस अंशांच्या उन्हात अंडं आतल्या आत शिजतं.

दहाला पोचूनही पाहण्यासारखं होतं, फक्त जमिनीवर. चिंकारे पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतात, तिथे काळे ढीग साठतात. खडूसारखी पांढरी, वाळलेली विष्ठा दिसली तर ती तरसाची, पांढरेपणा हाडांचा. लांडग्याचा ठसा मात्र एकट्यादुकट्यावरून सांगू नये, मोठ्या कुत्र्याचाही तसाच असतो. नेपतीचं झुडूप पानांशिवाय लाल फुलांनी भरलेलं असतं. रानकांद्याचा उघडा दांडा कोरड्या मुरमातून वर आलेला असतो, त्याची पानं येतात पावसानंतर. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर तर याच दिवसांत, ऊन चढल्यावर, दगडावर उभा राहून गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडणारा नर सरडा दिसतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा सरड्यांच्या प्रजातीला (genus) नावही ‘सरडा’ असंच दिलं. दगड उलटे करून मात्र काही शोधू नका. खाली फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं.

ऑगस्टचं म्हणाल, तर ते साताऱ्याजवळच्या कास पठाराचं गणित तुम्ही बारामतीला लावताय. हा पर्जन्यछायेचा पट्टा, वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. फुलं बघायची तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. भोवत्ये (हिवाळ्यात येणारे शिकारी पक्षी) हवे असतील तर डिसेंबर-जानेवारी. चंडोलांची गाणी मात्र उन्हाळ्यातही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला गेलात तर कुसळी गवताची तयारी ठेवा. तिच्या बीजाला टोकदार सुई आणि मागे लांब, पीळ पडलेली शेपटी असते. एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवून बघा, शेपटी स्वतःभोवती फिरायला लागते. अशीच ती ओल मिळाली की बी जमिनीत घुसवते, आणि तुमच्या मोज्यातही. लोकरी किंवा जाड विणीचे मोजे नकोत, वरून गुळगुळीत कापडाची पँट हवी. रुतलेलं कुसळ मागे ओढू नका, टोकाकडून पुढे काढा.

जागांबद्दल. धाविकाचं घरटं किंवा लांडग्याचं बीळ कुठे आहे हे इथे छापणार नाही. छापलं की गवतावरून गाड्या फिरतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे, आखलेल्या वाटेनेच गेलात तरी चिंकारा दिसण्याची शक्यता चांगली. पाणवठ्यापासून शंभर मीटर तरी लांब बसा, उन्हाळ्यात आपण तिथे थांबलो की कुणीतरी तहानलेलं परत जातं. अभयारण्याबाहेर मेंढ्या घेऊन बसलेल्या धनगराला विचारा. लांडग्याचा हिशेब त्याच्याइतका कुणाकडे नसतो.

आणि हो, लेखात पाणी माणशी दोन लिटर लिहिलं होतं. ते तीन केलं आहे, वेळही घातली आहे.