काळ्या छत्र्यांना कागद पाहिजे

मुंबईत फोटो छापण्यावाचून कोणाचं अडत नाही. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर फाइल टाकली, की सकाळी दूधवाला यायच्या आत नाक्यावरच्या दोन खांबांमध्ये भाऊंचा वाढदिवस लटकलेला असतो आणि खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट साइजची पलटण. फ्लेक्सवाला एकच प्रश्न विचारतो, ‘किती बाय किती?’ कागद कुठला, हा प्रश्न त्याच्या धंद्यातच नाही. माणूस सुखी दिसतो, त्याला कारण असतं.

माझ्या वाट्याला तो प्रश्न आला छत्र्यांमुळे. जुलैतली संध्याकाळ, दादरच्या पुलावरून खाली फुलबाजाराकडे बघत घेतलेला फोटो. नुसत्या काळ्या छत्र्या, एकीला एक खेटून, आणि मधोमध डोक्यावर पांढरी प्लॅस्टिकची पिशवी घातलेली एक बाई. कृष्णधवल. आमच्या हौशी मंडळींच्या प्रदर्शनात तो घ्यायचं ठरलं आणि अध्यक्षांनी फतवा काढला की सगळे प्रिंट ‘फाइन आर्ट’ कागदावरच हवेत. अध्यक्षांचं स्वतःचं सगळं छापून झालेलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात छपाईचा स्टुडिओ आहे, तिथे गेलो. आत एसी, हवेतला ओलावा ओढणारा डीह्युमिडिफायर आणि एक पंचविशीतला मुलगा. त्याने फोटो पाहिला, ‘मस्त आहे काका’ म्हणाला. ‘काका’ मी गिळलं. मग त्याने विचारलं, “कुठल्या कागदावर?”

“चांगल्या,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं, पांढऱ्या सुती हातमोज्यांची जोडी दिली आणि नमुन्यांचं पुस्तक पुढे ठेवलं. मोजे अशासाठी की बोटाचं तेल कागदाला लागू नये. पण कागदाचा पोत तर बोटानेच कळतो. म्हणजे मोजे घालून कागद चाचपायचा आणि वर ‘अहाहा’ म्हणायचं, अशी तिथली रीत.

त्या पुस्तकात काय नव्हतं! शंभर टक्के कापसाचा फोटो रॅग, ३०८ जीएसएमचा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. आपला झेरॉक्सचा कागद ७५-८० जीएसएमचा असतो, म्हणजे हा त्याच्या चौपट वजनाचा. लग्नपत्रिकेसारखा ताठ, पण हाताला मऊ. जर्मन एचिंग, त्याला बारीक खडबडीत दाणा. विल्यम टर्नर, तो तर थेट जलरंगाच्या कागदासारखा उंचसखल. बांबूचा कागद, ९० टक्के बांबू. आणि मग एक पान असं आलं की मी मोजे काढले. उसाचा कागद. ७० टक्के उसाची चिपाडं, ३० टक्के कापूस, ३०० जीएसएम. माझं आजोळ सांगलीकडचं. मामाच्या गुऱ्हाळावर आम्ही तीच चिपाडं पोरवयात चुलवाणात सारत होतो. जर्मन माणसाने त्याला वजन दिलं, कोटिंग दिलं, नाव दिलं आणि आता त्याच्या एका शीटच्या पैशात आमच्या घरी आठवड्याची भाजी येते. मामाला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “आणि गुळाचं काय करतात?”

या कंपन्यांपुढे आपण तसेही बुजतो. हे सगळे कागद करणाऱ्या जर्मन हानेम्यूलेची गिरणी १५८४ पासून कागद करते. शिवरायांच्या जन्माला तेव्हा अजून ४६ वर्षं होती. फ्रान्सच्या कॅन्सनचं घराणं त्याहून जुनं, १५५७ चं. अकबर नुकता गादीवर बसला होता. अशा खानदानी कागदापुढे दादरच्या फुलबाजारातल्या छत्र्या घेऊन उभं राहायचं म्हणजे आवाज आपोआप खाली येतो.

“मॅट घेऊ या,” मी हळूच म्हणालो. मॅट म्हणजे चमक नसलेला. सभ्य वाटतो.

“काका, काळा मार खाईल,” मुलगा म्हणाला.

इथून पुढचं सगळं महाभारत या एका वाक्याचं आहे. खरखरीत पृष्ठभागावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून मॅट कागदाचा सगळ्यांत गडद काळासुद्धा साधारण दोन टक्के उजेड परत फेकतो. चकचकीत कागदाचा काळा अर्धा टक्काच फेकतो. त्यांच्या भाषेत ही डी-मॅक्स, म्हणजे काळ्याचा गडदपणा, आकडा मोठा तितका काळा गडद: मॅटची १.६-१.७ आणि ग्लॉसीची २.३ च्या आसपास किंवा वर. आकड्यांत फरक किरकोळ वाटतो. मुलाने दोन नमुने शेजारी ठेवले, तेव्हा मॅटवरच्या काळ्याला आमच्या ऑफिसच्या छत्रीसारखी कळा आली होती: एके काळी काळी असलेली.

बरं, मग सरळ ग्लॉसी घ्यावा तर तो प्लॅस्टिकचा. आरसी कागद म्हणतात त्याला. आत कागद, दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचा थर. लग्नाच्या अल्बममध्ये शोभतो. छत्र्या त्यावर काळ्याकुट्ट दिसतात, आणि छत्र्यांच्या वर स्टुडिओची ट्यूबलाइट, मी, मुलगा आणि मागची पाण्याची बाटलीही दिसते.

या दोघांच्या मधला म्हणून बरायटा नावाचा कागद आहे. जुन्या डार्करूमच्या कागदात चांदीच्या थराखाली बेरियम सल्फेटचा पांढरा थर असायचा, तीच कळा इंकजेटमध्ये आणायला हा केलेला. बेरियम सल्फेट म्हणजे पोटाच्या एक्स-रेआधी पाजतात तेच, खडूसारखं. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, “अहो, मग तुमच्या रिपोर्टवरच छापा की.” मला बरायटा आवडला. चमक आहे पण मिरवत नाही, आणि काळा असा की त्यात बुडावं. खरं सांगायचं तर तिथेच थांबायला हवं होतं आणि मी थांबायला तयारही होतो, पण मुलाने विचारलं, “ओबीए चालेल ना?”

ओबीए म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन. ते अतिनील किरण पितं आणि निळसर उजेड ओकतं. ज्यांनी आईला पांढऱ्या कपड्यांना राणीपाल घालताना पाहिलं आहे त्यांना यात नवीन काही नाही. सदरा उन्हात निळा-पांढरा दिसायचा आणि घरात आला की पुन्हा आपला सदरा. कागदाचंही तेच. खिडकीपाशी झगझगीत, एलईडीखाली साधा, कारण घरातल्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतंच. शिवाय वर्षानुवर्षांत ते रसायन थकतं आणि कागद मूळच्या पिवळसर रंगावर येतो. ज्यांत ते घातलेलंच नाही ते कागद पहिल्या दिवसापासून किंचित सायीच्या रंगाचे असतात आणि शेवटपर्यंत तसेच राहतात. आता बाईच्या डोक्यावरची पिशवी. ती निळसर पांढरी हवी की सायीची? दादरच्या साडीच्या दुकानात ‘ताई, बाहेर उजेडात बघा’ म्हणून पदर फुटपाथवर आणतात, तसे आम्ही दोघे नमुने घेऊन गाळ्याबाहेर आलो. बाहेर ढग होते. ढगाखाली सगळं सारखंच दिसत होतं. वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, डावीकडचा. डावीकडचा कागद उलटा धरलेला होता.

उलटसुलट ओळखायची युक्ती मला तिथेच समजली. शाई धरणारं कोटिंग बहुधा एकाच बाजूला असतं आणि मॅट कागदाच्या दोन बाजू डोळ्यांना काही केल्या वेगळ्या दिसत नाहीत. तेव्हा बोट जिभेला लावायचं आणि कोपऱ्याला टेकवायचं. ज्या बाजूला चिकटेल ती छपाईची. मगाशी हातमोजे देणाऱ्या मुलाने हे माझ्यासमोर केलं. सोवळं आणि जीभ एकाच टेबलावर मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

फिल्म हा प्रकारही त्याने दाखवला. एक पांढरी पॉलिएस्टरची, काचेसारखी गुळगुळीत. एक बॅकलिट, मागून उजेड सोडायची, बसस्टॉपवरच्या जाहिरातीत असते तशी. छत्र्यांना मागून उजेड दिला तर पाऊस ऑफिसात पडतोय असं वाटलं. तिसरी पारदर्शक, तिच्यावर निगेटिव्ह छापायची, ती रसायन लावलेल्या कागदावर दाबून उन्हात ठेवायची आणि सायनोटाइपची निळी छबी मिळवायची. मला ही फारच आवडली. पण जुलैत मुंबईच्या गच्चीवर ऊन कुठून आणायचं? फिल्म परत पाकिटात गेली.

शेवटी बरायटा आणि मॅटमधला फोटो रॅग, दोन्हींवर छोटे प्रिंट काढून बघायचे ठरले. त्याआधी मुलाने संगणकावर आयसीसी प्रोफाइल लावलं. प्रोफाइल म्हणजे हा प्रिंटर, ही शाई आणि हा कागद यांच्यातला करार. तिघांतलं एक बदललं की नवीन करार. त्यात कागदाचा पांढरेपणा पडद्यावर दाखवायची एक खूण असते. “काका, क्लिक करतो तेव्हा डोळे मिटा,” तो म्हणाला. मला वाटलं थट्टा. मिटले नाहीत. क्लिक केलं आणि माझ्या छत्र्या क्षणात धुऊन वाळत घातल्यासारख्या झाल्या. काळजात कळ आली. “म्हणून म्हटलं होतं,” तो म्हणाला. डोळे मिटून उघडले तर नजर आधीच्या चित्राशी तुलना करत नाही, आणि सरावली की तेच चित्र ठीक दिसतं.

मॅट आणि बरायटा यांना काळी शाईसुद्धा वेगवेगळी लागते, मॅट ब्लॅक आणि फोटो ब्लॅक. त्याचा प्रिंटर जुना. त्यात दोन्हींना वाट एकच, त्यामुळे एकीवरून दुसरीवर जाताना नळीतली शाई वाया जाते. ती वाया जात असताना मुलाच्या चेहऱ्यावर जे भाव होते, ते मी फक्त मीटर पळताना सिग्नलला अडकलेल्या टॅक्सीतल्या प्रवाशाच्या चेहऱ्यावर पाहिले आहेत.

फोटो रॅगचा प्रिंट आला. सुंदर. फक्त एका छत्रीवर पांढरा ठिपका. कापसाच्या कागदावर सुटे तंतू असतात. छापण्याआधी मऊ ब्रशने झटकायचे असतात, नाहीतर शाई तंतूवर पडते, तंतू मागाहून गळतो आणि खाली कोरा कागद उरतो. “कबुतर समजा,” मी म्हटलं. दादर आहे, खपून जाईल. मुलाने ऐकलं नाही. दुसरं शीट काढलं, पण ते दुपारपासून पाकिटाबाहेर राहिलं होतं. मुंबईची हवा पिऊन त्याची कड लाटेसारखी उठली होती. प्रिंटरचं हेड तिला घासलं आणि फुलबाजारावर एक लांब काळा फराटा आला. तिसरं शीट पाकिटातून थेट प्रिंटरमध्ये गेलं. श्वास मीही रोखला होता.

दोन्ही प्रिंट घरी आणून भिंतीला टेकवून ठेवले. बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “दोन्ही सारखेच आहेत,” ती म्हणाली. मी डी-मॅक्स सांगितली. तिने पुन्हा पाहिलं. “हा जरा जास्त काळा आहे. पण अहो, रंगीत नव्हता का?” शेजारच्या काकूंनी एकच विचारलं, “किती वर्षं टिकेल?” मी छाती काढून सांगितलं की पिगमेंट शाई आणि कापसाचा कागद असला, तर प्रखर उजेडात ठेवून केलेल्या चाचण्यांच्या हिशेबाने शंभर वर्षांच्या पुढे. काकू म्हणाल्या, “आणि आपली बिल्डिंग तर मार्चमध्ये रिडेव्हलपमेंटला चाललीय.” शंभर वर्षांपैकी पहिली तीन भाड्याच्या घरात जाणार, हे कुठल्याच प्रयोगशाळेने धरलेलं नसतं.

मी बरायटा नक्की केला. कारण सांगू? माझ्या फोटोत काळ्याशिवाय दुसरं काहीही नाही. मंद उजेडातला चेहरा असता, धुक्यातला घाट असता, तर मी डोळे मिटून फोटो रॅग घेतला असता आणि डी-मॅक्सचं नावही काढलं नसतं. कागदाचं कौतुक आपल्या जागी, पण कागदासाठी फोटो काढणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचे फोटोही.

फ्रेमवाल्याने कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “काच साधी की नॉन-रिफ्लेक्टिव्ह?” म्हणाला आणि माउंटबोर्डच्या नमुन्यांचा जुडगा टेबलावर आपटला: व्हाइट, ऑफ-व्हाइट, आयव्हरी, क्रीम. मी पहिल्यावर बोट ठेवलं आणि पळालो. साधी काच आली. काचेमागे तीनशेहून जास्त जीएसएमचा, बेरियमची खीर प्यालेला तो कागद आणि शेजारच्या सभासदाचा साधा आरसी कागद हे सख्खे भाऊ दिसत होते.

प्रदर्शनात लोक आले. बहुतेकांनी विचारलं, मोबाइल कुठला. एकाने फ्रेम कुठे केली ते विचारलं आणि फ्रेमचाच फोटो काढून नेला. मग एक सत्तरीपुढचे गृहस्थ आले. छत्र्यांसमोर थांबले, नाक काचेला टेकेपर्यंत वाकले, मग बाजूला जाऊन तिरकी मान करून बघू लागले. उजेड कागदावरून कसा घसरतो ते बघत होते. मला भरून आलं.

“बरायटा?” त्यांनी विचारलं.

“हो!” मी जवळजवळ ओरडलो.

“चुकलात. मॅटवर घ्यायचा होता.”

मी काळ्याचं सांगितलं, दोन टक्के आणि अर्धा टक्का सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते वर्षानुवर्षं न्हाणीघरात लाल दिवा लावून प्रिंट काढत आले होते. त्यांना आकडे नवीन नव्हते. “काळा आहे हो,” ते म्हणाले, “पण छत्रीचं कापड सुती. सुताला अशी चकाकी नसते. या छत्र्या कसल्या होत्या?”

“नायलॉनच्या.”

ते पुन्हा वाकले, बराच वेळ पाहिलं.

“मग बरोबर आहे,” म्हणाले आणि पुढच्या फोटोकडे वळले.