खुलासा: काळी माती म्हणजे ज्वालामुखीची राख नव्हे

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'आपली काळी माती ही ज्वालामुखीची राख आहे. काळी आहे म्हणजे सेंद्रिय कर्ब भरपूर, शेणखताची गरजच नाही.' यातला ज्वालामुखीशी असलेला संबंध खरा आहे, बाकीचं चूक.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थिजून काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट झाला. माती त्या खडकाच्या झिजेतून, फार सावकाश तयार झाली. नव्याने खणलेल्या विहिरीची कड नीट बघा. वर काळी माती, खाली मुरूम, मुरुमात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे आणि तळाला कातळ. भेगांत मुरणाऱ्या पाण्याने खडकातली खनिजं बदलून त्यांची चिकणमाती होते. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी ती हीच. महाबळेश्वरला मात्र धो धो पावसाने याच बेसाल्टचा तांबडा जांभा खडक झाला.

काळा रंग लोह-टायटॅनियमच्या खनिजांमुळे आणि चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा ह्युमसमुळे, म्हणजे कुजून मुरलेल्या सेंद्रिय पदार्थामुळे येतो. सेंद्रिय कर्ब, म्हणजे अशा कुजलेल्या पदार्थातला कार्बन, बहुतेक ठिकाणी 1 टक्क्याच्याही आत असतो. चुना, पालाश (पोटॅश) खडकातून मिळतात, नत्र (नायट्रोजन) मिळत नाही; ते शेणखतातून येतं. म्हणून या मेसेजवर विसंबून शेणखत बंद करणं मला फार काळजीचं वाटतं.

कृपया तो पुढे पाठवू नका. आला असेल तिथे हा खुलासा टाका. शंका असेल तर माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा.