अधिस्वीकृती नाही म्हणून पत्रकार बोगस ठरत नाही

"सरकारी अधिस्वीकृतीपत्रिका नसलेला पत्रकार बोगस, त्याला गावात उभं करू नका," असा मजकूर मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. ही पत्रिका म्हणजे पत्रकाराचं सरकारी ओळखपत्र; ते राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, एसटी प्रवासासारख्या सवलतींसाठी. तो बातमी करण्याचा परवाना नव्हे. बातमी करण्याचा हक्क घटनेच्या कलम 19(1)(अ) मधून, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यातून येतो, आणि तो तुम्हा-आम्हा सगळ्यांचा आहे.

पीकविमा, टँकर, ऊसतोड मजुरांच्या बातम्या देणारे तालुक्याचे कितीतरी वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर राबतात. त्यांना बोगस म्हणणं अन्यायाचं आहे. बातमीची धमकी देऊन कुणी पैसे मागितले, तर पोलिसांत खंडणीची तक्रार द्या, त्याचं कार्ड खरं असलं तरी. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा 2017 चा कायदा अशांना वाचवत नाही.