दुसऱ्याच्या बापाचा कोट

नवाकोरा शर्ट घालून साताऱ्याच्या राजपथावरून मिरवायचे दिवस संपले, हे एकदा मनाशी पक्कं करा. नवा शर्ट कुणीही घेतो. पगार झाला, खण आळीत शिरला, पिशवी हलवत बाहेर आला. यात अक्कल कुठे लागली? अक्कल लागते ती कोपरावर विरलेला, खिशापाशी तेलाचा डाग असलेला, कुठल्याशा परमुलखातल्या गृहस्थाने घामेजून टाकून दिलेला कोट ढिगातून हुडकायला, आणि नव्याच्या दीडपट पैसे मोजून तो घरी आणायला. घरी आणल्यावर मात्र जपून बोला. 'जुना' असं तोंडातून गेलं की आई त्याची पायपुसणी बेतायला बसेल. 'व्हिंटेज' म्हणा. तिला काही कळणार नाही, पण कात्री खाली ठेवेल.

कोटाची कुळकथाही पाठ असलेली बरी, चारचौघांत उपयोगी पडते. अमेरिकेत नि युरोपात लोक कपडे दान करतात, आणि त्या दानाच्या गाठी बांधून जहाजावर चढतात. वापरलेले कपडे आयात करायला आपल्याकडे सरकारी परवाना लागतो. म्हणून बऱ्याच गाठी गुजरातेतल्या कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात फुटतात, तिथे त्यांची निवड होते आणि मोठा हिस्सा पुन्हा बाहेर, आफ्रिकेकडे वगैरे रवाना होतो. लोकरीचा माल जातो पानिपतला. तिथे कोटाची बटणं, चेन, अस्तर सगळं उतरवतात, लोकर फाडून पिंजतात, त्याचा पुन्हा धागा काढतात आणि स्वस्तातली ब्लँकेटं विणतात. पानिपतावर गेलेलं सहसा परत येत नाही, हे मराठी माणसाला १७६१ पासून ठाऊक आहे. तेव्हा या सगळ्यातून निसटून आठवडी बाजारातल्या ताडपत्रीवर येऊन पडलेला कोट दिसला तर आधी त्याला नमस्कार करा. भाव नंतर.

ताडपत्रीवाला "कुठलाबी उचला, दोनशे" म्हणून ओरडत असतो. त्याच्या लेखी सगळा ढीग एकाच आईचा. तुम्ही मात्र कोट उचलून लगेच अंगाला लावून बघायचा नाही. अंगाला लावतो तो थंडी वाजणारा माणूस. जाणकार आधी कोट उलटा करतो, आतलं लेबल वाचतो, भुवई वर करतो आणि 'हं' म्हणतो. हा 'हं' घरी आरशासमोर घोटून ठेवा. त्यात निम्मी विद्या आहे.

उरलेल्या निम्म्या विद्येचं थोडक्यात सांगतो. जीन्स असेल तर मागच्या उजव्या खिशाची लाल पट्टी बघायची. लिवाइसने ती १९३६ मध्ये लावायला सुरुवात केली. १९७१ पर्यंत तिच्यावरच्या नावातला 'ई' थोरला, म्हणजे कॅपिटल, असे, मग धाकटा झाला. थोरला 'ई' दिसला की हात थरथरले पाहिजेत. नाही थरथरले तर तुम्ही अजून तयार झालेला नाही. कुणी पन्नाशीच्या दशकातली म्हणून पँट गळ्यात मारत असेल आणि आत कसं धुवायचं, कसं वाळवायचं याची सविस्तर पट्टी शिवलेली असेल, तर काढता पाय घ्या. अमेरिकेत ती पट्टी सक्तीची झाली १९७२ मध्ये. 'मेड इन वेस्ट जर्मनी' लिहिलेलं असेल तर कोट १९९० च्या अलीकडचा नाही, कारण त्या वर्षी तो देशच उरला नाही. टी-शर्टच्या बाहीला शिलाईची एकच ओळ असेल तर साधारण नव्वदीच्या मध्याआधीचा माल. अमेरिकन फौजेचं एम-६५ जाकीट सापडलं तर लेबलावर 'डीएसए १००' नंतर येणारे दोन आकडे वाचा, ते कंत्राटाचं वर्ष. ६९ असेल तर व्हिएतनाम युद्धाचं नाव घेऊन आवाज जरा खाली आणा.

अडचण एवढीच, की हे सगळं नकली माल करणाऱ्यालाही तोंडपाठ आहे. एकेरी शिलाई टी-शर्ट शिवणाऱ्या तिरुपूरला सांगाल तेवढी मिळते. बरं, बाकीच्यांचं सोडा, खुद्द लिवाइस कंपनीच आपल्या जुन्या पँटींच्या हुबेहूब प्रती काढते, थोरल्या 'ई'सकट, आणि चांगल्या चढ्या भावाने विकते. कंपनीने स्वतःच केलेली स्वतःची नक्कल अस्सल धरायची की नकली, यावर मित्रमंडळात एक संध्याकाळ सहज निघते. चहा दुसऱ्याला सांगायला लावा.

ज्यांना शंकाच फार, त्यांनी प्रयोग करावेत. शिवणीच्या आतलं एक सूत ओढून काडी लावायची. सुती असेल तर कागद जळाल्याचा वास आणि भुरभुरीत राख; लोकर असेल तर केस जळाल्याचा वास; पॉलिएस्टर असेल तर वितळून टणक मणी होतो. हा प्रयोग ताडपत्रीवाल्यासमोर करू नये. बटण शिंपल्याचं की प्लॅस्टिकचं हे दाताला लावून कळतं, शिंपल्याचं गार लागतं. मोती चौकात उभं राहून कुणा परक्याच्या कोटाचं बटण चावणाऱ्याकडे लोक वळून बघतात. बघू द्या. पारखी माणसाला थोडं सोसावंच लागतं.

एवढी विद्या हाती आल्यावर एकच पथ्य पाळायचं. माळ्यावरची ट्रंक उघडायची नाही.

तिच्यात काय आहे ते मीच सांगून टाकतो, म्हणजे मोह व्हायला नको. वर डांबरगोळ्यांचा वास मारणारा वडिलांचा लग्नातला सफारी, टेरिकॉटचा, खिशांना झाकण्या असलेला. त्याच्याखाली एखाददुसरा शर्ट, नशीब असेल तर लोकरीचं जाकीट, कसर लागलेलं. बाकी काही नाही, आणि नसण्याला कारण आहे. आपल्याकडे शर्ट थोरल्याचा धाकट्याला, धाकट्याचा चुलतभावाला, तिथून वाकळेत जायचा. वाकळेत बसला नाही तर सायकल पुसायला, आणि शेवटी चुलीपाशी पोतेरं. अमेरिकन माणूस कपडा टाकून देतो म्हणून तो पन्नास वर्षांनी सापडतो. आपण टाकतच नाही, त्यामुळे सापडणार काय? उरतो तो एकदाच घातलेला लग्नातला सफारी. त्यातून टेरिकॉट. माझं विचाराल तर या कापडाइतका चिवट साक्षीदार दुसरा नाही. माणूस जातो, माणसाची पेन्शन बंद होते, टेरिकॉटची इस्त्री मोडत नाही.

आणि सफारीखालच्या त्या शर्टाची कॉलर कृपा करून उलटी करू नका. तिथे कंपनीचं नाव मिळणार नाही, शिंप्याचं लेबल मिळेल. तेव्हा कापड घ्यायचं आणि मास्तरकडे टाकायचं अशी रीत होती. लेबलावर दुकानाचा फोन नंबर असतो. साताऱ्याचा नंबर सहा आकडी आणि २ ने सुरू होणारा असेल तर शर्ट २००३ च्या आसपासचा किंवा नंतरचा. पाच आकडी असेल तर त्याआधीचा. तीनच आकडे असतील तर फोन लावायला ऑपरेटरची मनधरणी करावी लागायची तेव्हाचा. लेबलाच्या बाजूला एक काळपट ठिपका नि दोन रेघा दिसतील, तो डाग नव्हे. परटाने बिब्ब्याच्या रसाने घातलेली घराची खूण आहे ती. चुना लागला की पक्की होते आणि मग शंभर धुण्यांत जात नाही. आणखी जवळून पाहिलंत तर कॉलरच्या घडीला जुन्या टाक्यांची बारीक भोकं दिसतील. वरची बाजू विरली म्हणून मास्तरने कॉलर उसवली, पालटली आणि विरलेली बाजू आत घालून पुन्हा शिवली. हे तिन्ही पुरावे कुठलाही नकली मालवाला करत नाही, कारण त्याला कुणी पैसे देत नाही. तुम्हीही देणार नाही. मग बघायचं कशाला?

शिवणीच्या आत कापडाचा काठ राहिलेला असतो, त्यावर कधीकधी मुंबईच्या गिरणीचं नाव निघतं. तेही वाचू नका. कारण मग आठवेल, की त्या गिरण्यांत साच्यावर, म्हणजे मागावर, उभी राहणारी कितीतरी माणसं आपल्याच खटाव-माणची, जावळीची होती, गावाकडे येताना मिलच्या दुकानातला कटपीस घेऊन यायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. बऱ्याच गिरण्यांच्या जागी आता टॉवर आणि मॉल आहेत. म्हणजे ते कापड पुन्हा निघणार नाही, हिशेबाने अगदी पक्कं व्हिंटेज. पण त्याचा गाजावाजा करणारं कुणी नाही, त्यामुळे तुमच्या उपयोगाचं नाही. तुम्ही जपानी सेल्वेजकडे लक्ष ठेवा. धोट्याच्या जुन्या मागावर सावकाश विणलेली, अरुंद पन्ह्याची, काठाला लाल रेघ असलेली डेनिम. तिच्या पायाची घडी दुमडून ती रेघ जगाला दाखवायची असते. धोट्याचे माग शेजारी विट्यात आणि इचलकरंजीत रात्रंदिवस खडखडत होते, त्यातले कित्येक भंगारवाल्याने किलोवर नेले. तो आवाज फार व्हायचा हो, त्यात काय ठेवायचं? जपानातला आवाज वेगळा.

फौजी कपड्यांच्या बाबतीत सातारकराने विशेष जपावं, कारण इथे फसगत होण्याचा, म्हणजे खरा माल समोर येण्याचा धोका जास्त. अपशिंगे मिलिटरी गावात जवळपास घरटी एक माणूस फौजेत. अशा गावात पहाटे धार काढायला निघालेले सुभेदार दिसतील, अंगात लोकर-सुताच्या मिश्र कापडाचा खाकी अंगोला शर्ट, त्यावर कोपरांना कापडी ठिगळं असलेली हिरवी जर्सी. शहाजहानपूरच्या सरकारी कारखान्यात फौजेचे गरम कपडे १९१४ पासून शिवतात. कागदपत्रं मागायची गरज नाही, कपड्याचा पहिला मालक अजून कपड्याच्या आतच आहे. पण तुम्ही विड्याचं पान मागितल्यासारखं त्यांना "काका, ही जर्सी विकणार का?" असं विचारू नका. ते विकणार नाहीत, आत बोलावून चहा देतील, आणि मग सियाचीनची थंडी ऐकत दोन तास बसावं लागेल. तेवढ्यात ऑनलाइन एखादं एम-६५ हातचं निघून जायचं.

मापाची काळजी करू नका. खांदा कोपरावर उतरत असेल तर त्याला 'ओव्हरसाइज्ड' म्हणतात आणि त्याचे पैसे जास्त पडतात. तुमच्या आईने तुम्हाला शाळेचा गणवेश शिवताना मास्तरला "वाढत्या अंगाचा शिवा" म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही चारचौघांत रडला होता. ते आता विसरायचं. ठिगळाचंही तसंच. मास्तरने लावलं तर गरिबी, जपानी पद्धतीचं पांढऱ्या दोऱ्याने लावलं तर कला. आणि कपडा धुवायचा नाही, धुतला की चरित्र जातं म्हणतात. फोटो कासला काढा, धुकं असताना. धुक्यात वास दिसत नाही.

इतकं करूनही कोट खरा की खोटा ही रुखरुख राहिलीच, तर शेवटचा उपाय आहे. पाटी डोक्यावर घेऊन बोहारीण दारात येते, तिच्यासमोर तो टाका. तिने हयात कपडे चाचपण्यात घालवली आहे आणि तिच्या हातातून थोरला 'ई' आणि धाकटा 'ई' सारखेच गेलेले आहेत. ती लेबल वाचणार नाही. कोट उजेडाला धरेल, काखेत बोट घालेल, चेन खालीवर करेल, अस्तर दोन बोटांत चुरगाळेल. मग तुमच्याकडे न बघता तुमच्या आईला सांगेल, "वैनी, कोपरं गेल्यात. चेन अडकतीया. अस्तराला कसर लागलीया. ह्यात च्याची गाळणीबी न्हाई यायची."

तुम्ही १९६९, व्हिएतनाम, कंत्राटाचे आकडे वगैरे सांगून पाहाल. ती पाटी उचलायला वाकेल. वाकता वाकता आत खुंटीला वाळत घातलेला सफारी तिला दिसेल, डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून आईने आजच वर काढलेला. "त्यो काढा की भायेर. टेरिकाट हाय न्हवं? मरत न्हाई त्ये. त्येचं पातेलं दिते, पाच लिटरचं."

झाकणासकट मागा.